देहबोलीची चाळणी

मोबाईल फोन तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केलेला आहे. मागच्या भिंतीवरील तसबिरी, खुंटीवरचे कपडे आणि छताकडून उतरलेली ओल दिसू नये म्हणून दोन खिळ्यांना धुतलेली चादर ताणून बांधली आहे. घरातील माणसे बाहेर ओट्यावर जाऊन बसली आहेत. कुकर लावायचा नाही, अशी शेजारणीलाही विनवणी झाली आहे. वर इस्त्रीचा सदरा आणि खाली घरातला पायजमा अशा वेषात वाणिज्य शाखेचा एक पदवीधर तरुण लोखंडी खुर्चीच्या कडेवर पाठ ताठ करून बसला आहे. समोरच्या पडद्यावर तीन चौकटी आहेत. दोन काळ्या, त्यांत केवळ इंग्रजी आद्याक्षरे. तिसरीत तो स्वतः. दहा-अकरा मिनिटांत मुलाखत आटोपते. चार दिवसांनी उत्तर येते, ते इतकेच की ‘संभाषणकौशल्य व देहबोली’ या सदरात उमेदवार कमी पडला. ज्यांना त्याने पाहिले नाही, त्यांनी त्याला पाहून घेतले आणि त्याच्या पाठीच्या बाकावरून त्याची योग्यता ठरविली.

परभणीपासून परळपर्यंत हे दृश्य आता नित्याचे झाले आहे. २०२० साली साथीच्या टाळेबंदीत कंपन्यांनी निरुपाय म्हणून दूरदृश्य मुलाखतींचा मार्ग पत्करला. साथ ओसरली, मार्ग मात्र राहिला. कारण तो स्वस्त होता. पूर्वी कंपनीचा माणूस जिल्ह्याच्या गावी येई, किंवा उमेदवार एस.टी.चे तिकीट काढून मुंबई-पुण्यास जाई. हा खर्च वाचला, आणि उमेदवाराचाही वाचला, हे मान्य केले पाहिजे. परंतु स्वच्छ खोली, टेबल, खुर्ची, दिवा आणि शांतता यांची तजवीज पूर्वी मालक करीत असे. ती या व्यवस्थेत निमूटपणे उमेदवाराच्या पदरी पडली. २०११ च्या जनगणनेनुसार या देशातील सुमारे ३७ टक्के कुटुंबे एका खोलीत राहत होती आणि बृहन्मुंबईतील सुमारे ४१ टक्के कुटुंबे झोपडवस्तीत. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत संगणक असलेली कुटुंबे ग्रामीण भागात ४.४ टक्के आणि शहरांत २३.४ टक्के आढळली. त्यानंतर फोन घरोघर पोचला हे खरे. पण फोनबरोबर खोली येत नाही.

या खोलीविना बसलेल्या तरुणाला उपदेश करण्यासाठी मात्र एक मोठा धंदा उभा राहिला आहे. तालुक्याच्या गावी पूर्वी जेथे टंकलेखनाचे वर्ग चालत, तेथे आज ‘व्यक्तिमत्त्व विकास’ शिकविला जातो. पाठ ताठ ठेवा. खांदे मागे घ्या. हात पडद्यावर दिसू द्या, पण फार हलवू नका. कॅमेऱ्याच्या डोळ्यात पाहा. मान डोलवा, पण वारंवार नव्हे. हसा, पण दात दाखवू नका. टंकलेखनाच्या वर्गातून बाहेर पडणाऱ्याला निदान टंकलेखन येत असे, आणि मिनिटाला किती शब्द येतात हे घड्याळ लावून कोणालाही मोजता येई. येथे काय आले आणि काय नाही, हे सांगणारा एकच, तो म्हणजे फी घेणारा.

या उपदेशाला शास्त्राचा आधार आहे, असे सांगितले जाते. तो आधार तपासून पाहणे आवश्यक आहे. कारण ज्या गोष्टीला शास्त्राचे नाव लागते, तिच्यापुढे आपला समाज फार लवकर मान तुकवितो. वर्गावर्गातून एक आकडा हटकून ऐकू येतो. म्हणे, माणूस जे सांगतो त्यापैकी केवळ ७ टक्के शब्दांतून पोचते, ३८ टक्के आवाजातून आणि ५५ टक्के चेहऱ्यातून व देहातून. म्हणजे ९३ टक्के मजकूर शब्दाविना! हे खरे असते तर मराठी प्रेक्षकाला तामीळ चित्रपट भाषांतराविना ९३ टक्के समजला असता आणि विधिमंडळाच्या कामकाजाचा वृत्तान्त छापण्याऐवजी सदस्यांची छायाचित्रे छापून भागले असते. वस्तुतः हा आकडा आल्बर्ट मेहरेबियन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ सालच्या दोन लहानशा प्रयोगांची बेरीज आहे. त्या प्रयोगांत सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकविले गेले. एकात ‘कदाचित’ या अर्थाच्या एकाच शब्दाबरोबर चेहऱ्यांची छायाचित्रे दाखविण्यात आली. प्रश्न एवढाच होता की शब्द एक सांगतो आणि स्वर वा चेहरा दुसरेच, अशा वेळी बोलणाऱ्याची आवड-नावड ऐकणारा कशावरून ताडतो. नोकरीच्या मुलाखतीचा, हिशेबतपासनिसाच्या ज्ञानाचा वा रसायनशाळेतील कौशल्याचा त्याच्याशी संबंध नव्हता. भावना व आवडनिवड यांव्यतिरिक्त अन्यत्र हे समीकरण लागू पडत नाही, असे खुद्द मेहरेबियन यांनीच पुढे स्पष्ट केले. परंतु बाजाराला संशोधकाची टीप नको असते, त्याला आकडा हवा असतो.

दुसरे उदाहरण याहून अलीकडचे आहे. देह ऐसपैस पसरून दबदब्याच्या मुद्रेत दोन मिनिटे राहिल्यास शरीरातील संप्रेरके बदलतात आणि माणूस धीट होतो, असा निष्कर्ष २०१० साली अमेरिकेत अवघ्या ४२ व्यक्तींवरील प्रयोगातून काढला गेला. २०१२ नंतर एका गाजलेल्या भाषणामुळे तो जगभर पसरला. २०१५ साली २०० व्यक्तींवर तोच प्रयोग झाला तेव्हा संप्रेरकांतील बदल आढळला नाही. आणि २०१६ साली मूळ संशोधकांपैकी डेना कार्नी यांनी या परिणामावर आपला विश्वास उरला नसल्याचे जाहीरपणे लिहिले. ही प्रामाणिकपणाची गोष्ट झाली. शिकवणीवर्गांच्या भिंतींवरील चित्रे मात्र अद्याप कमरेवर हात ठेवून उभी आहेत.

हे झाले देहबोलीच्या सामान्य शास्त्राविषयी. पडद्यावरच्या मुलाखतीत तर त्या शास्त्राचा उरलासुरला आधारही सुटतो. समोरच्या माणसाच्या डोळ्यात पाहावे म्हटले तर पडद्यावरील त्याच्या प्रतिमेकडे पाहावे लागते. पण कॅमेरा त्या प्रतिमेत नसतो, पडद्याच्या वरच्या कडेला असतो. म्हणजे जो प्रामाणिकपणे समोरच्याच्या डोळ्यात पाहतो, तो पलीकडे नजर चुकविणारा दिसतो. आणि जो समोरच्याकडे पाहणे सोडून काचेच्या एका ठिपक्याकडे पाहतो, तो आत्मविश्वासू ठरतो. नजरभेटीचा एवढा उलटा अर्थ आजवर कोणत्याही समाजात झाला नसेल. अवघड प्रश्न आला की आठवण्यासाठी माणूस नजर क्षणभर बाजूला वळवितो, आणि तशी वळविल्याने आठवणे सुलभ होते, हे १९९८ सालीच अमेरिकेतील संशोधकांनी प्रयोगाने दाखविले आहे. मुलाखतीत तीच नजर ‘कोठून तरी वाचतो आहे’ या संशयास पात्र होते. थोडक्यात, विचार करणे हेच संशयास्पद वर्तन होऊन बसले आहे.

संदेशवहनातील विलंबाची गोष्ट अधिक गंभीर आहे. जर्मनीतील संशोधकांनी २०१४ साली असे दाखविले की तारेवरील संभाषणात सेकंद-सव्वासेकंदाचा विलंब झाला, तर ऐकणारा तो दोष यंत्राकडे न देता माणसाकडे देतो. पलीकडचा माणूस त्याला कमी मनमिळाऊ, कमी लक्ष देणारा वाटू लागतो. ज्याच्या घरी वेगवान जोडणी आहे त्याचे उत्तर तत्पर, आणि गावाबाहेरच्या मनोऱ्यावर ज्याची भिस्त आहे त्याचे उत्तर मंद! कंपनीच्या टिपणात ‘प्रतिसाद मंद’ असा शेरा पडतो तेव्हा तो शेरा उमेदवारावर असतो की दूरसंचार व्यवस्थेवर, हे शेरा मारणाऱ्यालाही ठाऊक नसते. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ साली या थकव्याची जी कारणे दिली त्यांत सतत जवळून रोखलेली नजर, स्वतःचाच चेहरा अखंड समोर असणे आणि एका चौकटीत देह जखडला जाणे यांचा समावेश होता. त्यांच्याच सहकाऱ्यांच्या पाहणीत हा थकवा पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक जाणवतो असे दिसले. ज्या समाजात मुलीला लहानपणापासून ‘नीट बस’ हेच प्रथम शिकविले जाते, तेथे याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

येथे मूळ प्रश्नाकडे यावे लागते. देह ताठ ठेवणे, समोरच्याच्या डोळ्याला डोळा देणे, खुर्चीत ऐसपैस टेकून बसणे या गोष्टी व्यक्तीच्या स्वभावातून येतात, असे मानणे भाबडेपणाचे आहे. महाराष्ट्रात तर कोणी कोठे बसावे, कोणासमोर उभे राहावे, कोणाकडे पाहून बोलावे आणि कोणासमोर मान खाली घालावी, याची शतकानुशतकांची घटनाच होती. तिला ‘पायरी’ म्हणत. आणि पायरी सोडून वागणाऱ्याला गाव शिक्षा करीत असे. साताऱ्याच्या शाळेत बालपणी भीमराव आंबेडकरांना वर्गाच्या कोपऱ्यात घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि ते गोणपाट रोज घरी न्यावे लागे, कारण शाळेचा शिपाई त्याला शिवत नसे. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ‘जोहार’ घालण्याची सक्ती होती ती केवळ शब्दाची नव्हती. त्या शब्दाबरोबर देहही वाकवावा लागे. दलित चळवळीने ‘जोहार’ टाकून ‘जय भीम’ म्हणण्यास आरंभ केला तेव्हा तो देह सरळ करण्याचाच कार्यक्रम होता. खोतापुढे उभे राहणारे कूळ, सावकाराच्या ओटीखाली बसणारा शेतकरी, पदर सावरून अर्धवट पाठमोरी होऊन उत्तर देणारी सून, या सर्वांच्या देहाने जे शिकून घेतले ते कमकुवतपणापोटी नव्हे, जगण्यासाठी शिकून घेतले. वडीलधाऱ्यांपुढे नजर खाली ठेवणे याला तर घरोघर संस्कार म्हणतात. ज्या घरात तीन पिढ्या खुर्चीत बसल्या, त्या घरचा मुलगा खुर्चीत सहज बसतो. त्या सहजतेला कंपनी ‘आत्मविश्वास’ म्हणते आणि गुण देते. गुण मुलाला मिळतात. कमाई आजोबांची असते.

अर्थशास्त्रात या विषयाची चर्चा पन्नास वर्षांहून अधिक काळ चालू आहे. उमेदवाराची खरी उत्पादकता मालकाला दिसत नाही, म्हणून तो तिच्या खुणा शोधतो, हा मायकेल स्पेन्स यांचा १९७३ सालचा सिद्धान्त. याच विषयातील कामाबद्दल त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्या सिद्धान्ताची एक अट मात्र व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात गाळली जाते. खूण उपयोगी ठरण्यासाठी ती मिळविण्याचा खर्च कार्यक्षम माणसाला कमी आणि अकार्यक्षमाला जास्त असला पाहिजे. ताठ पाठ, सफाईदार इंग्रजी, मागे पुस्तकांचे कपाट या खुणांचा खर्च कोणाला कमी पडतो? जो कार्यक्षम आहे त्याला नव्हे, जो सुस्थितीत आहे त्याला. तेव्हा या खुणेवरून मालकाला जे कळते ते उमेदवाराचे कसब नसून त्याचा वर्ग आणि पुष्कळदा त्याची जात. मालकाला हे कळत नाही असे नव्हे. किंबहुना त्याला नेमके हेच जाणून घ्यायचे असते, अशी शंका घेण्यास जागा आहे.

ही शंका निराधार नाही. सुखदेव थोरात व पॉल ॲटवेल यांनी खाजगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना समान पात्रतेचे ४,८०८ अर्ज पाठवून पाहिले. फरक केवळ नावांत ठेवला होता. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याचे प्रमाण सुमारे दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश भरले. हे केवळ कागदावरील नावाने झाले. चेहरा, घर आणि भिंत अद्याप दिसायची होती. त्याच वर्षी सुरिंदर जोधका व कॅथरीन न्यूमन यांनी नोकरभरती करणाऱ्या २५ अधिकाऱ्यांशी बोलून जे लिहिले तेही वाचण्यासारखे आहे. हे अधिकारी जातीला आम्ही मानत नाही, फक्त गुणवत्ता पाहतो, असे सांगत. आणि त्याच दमात उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ विचारणे आवश्यक असल्याचेही सांगत. पडद्यावरच्या मुलाखतीत ‘पार्श्वभूमी’ विचारावीही लागत नाही. ती उमेदवाराच्या पाठीमागे दिसतेच!

भांडवलशाहीने श्रमिकाच्या देहाकडे डोळे लावले ते आजच नव्हे. फ्रेडरिक टेलर यांनी घड्याळ घेऊन श्रमिकाच्या हालचाली मोजल्या आणि १९११ साली त्याला ‘शास्त्रीय व्यवस्थापन’ असे नाव दिले. गिलब्रेथ दांपत्याने त्याच सुमारास हातांना दिवे बांधून हालचालींची छायाचित्रे घेतली. तेव्हा मालकाला हात हवा होता. सेवाक्षेत्र वाढले तसा त्याला चेहरा हवासा झाला. हवाई सुंदरींना पगाराच्या बदल्यात स्मित विकावे लागते, आणि ते खरे वाटेल असे विकावे लागते, हे अर्ली हॉख्शिल्ड यांनी १९८३ साली दाखवून दिले. आज त्यापुढची पायरी आली आहे. त्या हवाई सुंदरीला निदान नोकरी मिळाल्यावर हसावे लागत होते. आता नोकरी मिळण्यापूर्वी, विनावेतन, आणि पलीकडे कोणीही नसताना हसावे लागते. ‘पलीकडे कोणीही नसताना’ हे शब्दशः खरे आहे. पडद्यावर प्रश्न उमटतो, उलटी मोजणी सुरू होते आणि उमेदवार काळ्या काचेला उत्तर देतो, अशा एकतर्फी मुलाखती आता सर्रास होतात. संभाषणाची देहबोली तपासायची आणि संभाषणच होऊ द्यायचे नाही, हा विनोद कोणाच्या ध्यानात कसा येत नाही?

ही ध्वनिचित्रमुद्रणे यंत्राकडून तपासून घेण्याचे प्रयोगही झाले आहेत. अमेरिकेतील हायरव्ह्यू ही कंपनी उमेदवाराच्या चेहऱ्याच्या हालचालींवरून गुण देत असे. २०१९ साली तिच्याविरुद्ध तेथील व्यापार आयोगाकडे तक्रार झाली आणि चेहऱ्याचे विश्लेषण सोडून दिल्याचे कंपनीने २०२१ साली जाहीर केले. त्याच वर्षी बव्हेरियाच्या सार्वजनिक नभोवाणीच्या पत्रकारांनी म्युनिकच्या एका कंपनीची अशीच प्रणाली तपासून पाहिली. तीच स्त्री, तीच उत्तरे. तिने चष्मा लावला की गुण बदलत, डोक्याला रुमाल बांधला की बदलत, आणि मागे पुस्तकांचे कपाट दाखविले की पुन्हा बदलत. चेहऱ्याच्या हालचालींवरून मनातील भावना खात्रीने सांगता येत नाही, हा निर्वाळा लिसा फेल्डमन बॅरेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक हजाराहून अधिक शोधनिबंध तपासून २०१९ सालीच दिला होता. युरोपीय संघाने कामाच्या ठिकाणी व शिक्षणसंस्थांत भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर, वैद्यकीय व सुरक्षेचे अपवाद सोडून, २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी घातली. भारतात अशी बंदी नाही. उलट २०२३ च्या व्यक्तिगत डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने ‘नोकरीच्या प्रयोजनार्थ’ माहिती वापरण्यास संमतीच्या अटीतून वाट करून दिली आहे. जे तेथे टाकून दिले जाते ते येथे ‘अद्ययावत’ म्हणून विकले जाते, हा अनुभव औषधांपासून कीटकनाशकांपर्यंत देशाने घेतलेलाच आहे.

कायद्याची बाजू पाहू गेल्यास एक विलक्षण गोष्ट दिसते. मुलाखतीतील मनमानीचा विचार सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच केला आहे. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात लेखी परीक्षेला १०० आणि तोंडी परीक्षेला ५० गुण होते. लेखीत वर असलेली मुले तोंडीत खाली गेली आणि खालची वर आली. मुलाखती दोन-तीन मिनिटांच्या झाल्या होत्या आणि प्रश्न वडील कोण, राहणे कोठे अशा प्रकारचे होते, अशी विद्यार्थ्यांची तक्रार होती. अजय हासिया खटल्यात न्या. भगवती यांनी नोव्हेंबर १९८० मध्ये तोंडी परीक्षेला एकतृतीयांश गुण ठेवणे मनमानी ठरविले, १५ टक्क्यांहून अधिक गुण ठेवू नयेत असे म्हटले आणि मुलाखतींचे ध्वनिमुद्रण करावे अशीही सूचना केली. १९८५ साली हरियाणाच्या प्रकरणात न्यायालयाने हे प्रमाण १२.२ टक्क्यांपर्यंत आणण्यास सांगितले. उलट बाजूनेही न्यायालय बोलले आहे, हे लपविण्याचे कारण नाही. १९८१ साली राजस्थानच्या प्रकरणात न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी प्रौढ उमेदवारांच्या नोकरभरतीत मुलाखतीला अधिक महत्त्व देता येईल असा निर्णय दिला, आणि न्या. रेड्डी हे काही धनिकांचे कैवारी नव्हते. तथापि दोन्ही निर्णयांत एक गोष्ट गृहीत होती: गुण किती, कशासाठी आणि कोणी दिले, याची नोंद असेल व ती मागता येईल. पुढे १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारने कनिष्ठ पदांच्या मुलाखतीच रद्द केल्या. निर्णय कोणत्या सरकारचा याकडे न पाहता तो योग्य होता, असेच म्हटले पाहिजे.

परंतु हे सर्व सरकारी नोकरीपुरते. घटनेच्या १६ व्या अनुच्छेदाची समान संधी खाजगी कंपनीच्या दाराशी थांबते. आणि सरकारही आपले दार त्या दाराकडे सरकवीत असते. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी पदे भरण्याचा आदेश काढला होता. तरुणांच्या संतापामुळे ऑक्टोबरात तो मागे घ्यावा लागला. आदेश मागे गेला, वृत्ती मागे गेली असे समजण्याचे कारण नाही. कंत्राटी भरतीत लेखी परीक्षा नको, गुणपत्रक नको, आरक्षण नको. उरते ते पडद्यावरचे दहा मिनिटांचे दर्शन.

या टीकेला विरोध होईल तो मालकांकडून नव्हे; मालक असे लेख वाचत नाहीत. विरोध चळवळीच्या आतूनच होईल. अनेक कार्यकर्ते प्रामाणिकपणे व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरे घेतात. त्यांचे म्हणणे असे की, व्यवस्था बदलेल तेव्हा बदलेल. पोराला सोमवारी मुलाखत आहे, तोवर त्याला सरळ बसायला शिकविले तर काय बिघडले? हा युक्तिवाद टाकाऊ नाही. उपाशी माणसाला अन्नाच्या राजकारणावर व्याख्यान देणे हा क्रूरपणा आहे. मुलाला कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर ठेवायला सांगावे, उजेड तोंडावर येईल असे बसायला सांगावे, शाखेच्या कार्यालयातील एक खोली, टेबल आणि चांगली जोडणी त्याला दोन तास मोकळी करून द्यावी. हे एस.टी.चे भाडे देण्यासारखे आहे. ते अवश्य द्यावे. आक्षेप आहे तो त्यानंतरच्या वाक्याला. ‘तुझ्या व्यक्तिमत्त्वात कमतरता आहे, ती आम्ही भरून काढू’, हे वाक्य शिबिरात उच्चारले गेले की मालकाचा शेरा चळवळीच्या तोंडून वदविला जातो. नाकारलेला मुलगा मग व्यवस्थेला जाब विचारीत नाही. आरशासमोर उभा राहून खांदे मागे घेतो. बेकारीचा प्रश्न नोकऱ्यांच्या संख्येचा आहे. शंभर अर्जदार आणि तीन जागा असतील तर शंभरही जण कॅमेऱ्याच्या डोळ्यात पाहायला शिकले तरी सत्त्याण्णव घरीच बसणार. फक्त त्यांना नाकारण्यासाठी नवी खूण शोधावी लागेल, आणि ती शोधली जाईल.

दुसरा आक्षेप असा घेतला जाईल की काही कामांत बोलणे-वागणे हाच कामाचा भाग असतो. शिक्षकाला वर्गापुढे उभे राहता आले पाहिजे, विक्रेत्याला गिऱ्हाइकाशी बोलता आले पाहिजे. बरोबर आहे. मग शिक्षकाला वर्गापुढे उभे करून पाहावे, हिशेबनिसाला खातेवही देऊन पाहावे, जोडाऱ्याच्या हाती पाना देऊन पाहावे. सर्वांना तेच प्रश्न, आधी ठरविलेल्या निकषांवर गुण, अशी बांधीव मुलाखत मोकळ्या गप्पांपेक्षा अधिक भरवशाची ठरते, हे मालकांच्याच शास्त्राने सांगितले आहे. अमेरिकेतील वाद्यवृंदांनी १९७० नंतरच्या दशकांत वादकाला पडद्याआड बसवून केवळ वादन ऐकण्याची प्रथा सुरू केली. पडदा लावल्याने संगीत बिघडल्याची तक्रार कोणी केलेली नाही. आणि ज्याला अडखळत बोलण्याचा विकार आहे, जो दृष्टिहीन आहे, ज्याला स्वमग्नतेमुळे नजरेला नजर देणे असह्य होते, त्याने देहबोलीच्या सदरात काय करावे? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेला दिव्यांगत्वात गणले आहे; कंपनीच्या गुणतक्त्याने अद्याप गणलेले नाही.

तेव्हा मागण्या नेमक्या केल्या पाहिजेत. मुलाखतीत कॅमेरा उमेदवाराचा चालू असेल तर मुलाखत घेणाऱ्याचाही चालू असावा. ‘देहबोली’, ‘एकूण छाप’ यांसारखी सदरे गुणतक्त्यातून काढून टाकावीत. नाकारल्याचे कारण लेखी मागता यावे. चेहरा वा आवाज यंत्राकडून तपासला जाणार असेल तर ते आधी सांगण्याची व नकार देण्याची मुभा असावी. अमेरिकेतील इलिनॉय राज्याने पूर्वसूचना व संमतीचा कायदा २०२० च्या जानेवारीपासून लागू केला आहे, तो काही समाजवादी देश नव्हे. शासनाच्या सवलती, स्वस्त जमीन व करमाफी घेणाऱ्या उद्योगांवर स्थानिकांना नोकऱ्या देण्याची अट महाराष्ट्राने पूर्वीच घातलेली आहे. त्याच अटीला ही कलमे जोडता येतात.

या मागण्यांना पुरावा लागेल. १९८० साली न्यायालयाला दोन-तीन मिनिटांची गोष्ट कळली ती मुलांनी ती सांगितली म्हणून. आज प्रत्येक तालुक्यातून शेकडो तरुण पडद्यासमोर बसून उठतात आणि कोणाची कोठे नोंद राहत नाही. शाखांनी एक साधी वही ठेवावी. मुलाखत कोणत्या कामासाठी होती. किती मिनिटे चालली. पलीकडे माणूस होता की यंत्र. त्याचा चेहरा दिसत होता का. आडनाव, गाव, वडिलांचा व्यवसाय यांविषयी काय विचारले. जोडणी किती वेळा तुटली व तुटल्यावर वेळ वाढवून मिळाला का. कामाविषयी प्रश्न किती आले. नाकारताना कोणते शब्द वापरले. उमेदवाराचे नाव लिहिण्याची गरज नाही. नोंद मुलाखतीच्या दिवशीच करावी आणि दर तीन महिन्यांनी जिल्हा शाखांनी या वह्या एकत्र आणून मोजणी करावी.